ओळींची माणसं करताना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, गडचांदूर येथे केलेले भाषण)



समितीने मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरमध्ये काम करतेस, तर त्याच्यावरच बोल, पण मागच्या रांगेतल्या माणसालाही समजलं पाहिजे." मी प्रयत्न करते. नाही समजलं तर जेवणाच्या वेळी पकडा.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर असं आहे. माझ्याकडे सुट्या नोंदींचा ढीग येतो. एका ओळीत एक नोंद, अशा लाखो ओळी. त्या ओळींमधून माणूस उभा करायचा, कुटुंब उभं करायचं, खातं उभं करायचं. एका माणसाबद्दलचं सगळं एका पुडक्यात बांधलं की त्या पुडक्याला आमच्या भाषेत ऑब्जेक्ट म्हणतात. हे काम करण्याची एक पद्धत आहे, तिचं नाव फंक्शनल प्रोग्रामिंग. नाव परकं आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर कापसाच्या प्रत्येक वावरात ते होतं.

वेचणीची वही आठवा. संध्याकाळी गाठोडी काट्यावर चढतात आणि वहीत ओळी पडतात. सोमवारी मावशी २२ किलो, काकू ३०, वहिनी १८. मंगळवारी मावशी २५, वहिनी २०. काकू आल्या नाहीत. बुधवारी काकू २८, मावशी २४. वहिनी घरी राहिली. एकूण सात ओळी झाल्या. बाजाराच्या दिवशी चुकारा करायचा आहे. आता या सात ओळी तारखेप्रमाणे आहेत आणि पैसे द्यायचे आहेत बाईप्रमाणे. म्हणजे सात ओळींमधून तीन पुडकी बांधायची आहेत.

प्रोग्राम लिहायची जी पद्धत आम्ही कॉलेजात आधी शिकलो, तिच्यात हे काम असं सांगतात. एक कोरं पान घे. पहिली ओळ वाच. या बाईचं नाव पानावर आहे का बघ. नसेल तर लिही आणि पुढे शून्य मांड. मग तिचा जुना आकडा खोड, त्यात आजचे किलो मिळव, नवा आकडा लिही. पुढच्या ओळीवर जा. ओळी संपेपर्यंत हेच करत राहा. याला लूप म्हणतात. बैल घाण्याला फिरतो तसा प्रोग्राम फिरत राहतो.

लूप वाईट नाही. सात ओळींना तर तो पुरून उरतो. पण त्यात दोन धोके आहेत. पहिला धोका असा की पानावरचा आकडा सतत खोडला जातो. मावशीपुढे शेवटी ७१ उरतात, पण ते कसे आले हे त्या पानावर दिसत नाही. दुसरा धोका जास्त वाईट. मध्येच चहाला उठलात आणि परत आल्यावर कुठपर्यंत आलो होतो ते विसरलात, तर एखादी ओळ दोनदा मोजली जाते. कॉम्प्युटर चहा पीत नाही, पण वीज जाते, नेटवर्क तुटतं, आणि कोणीतरी तोच प्रोग्राम पुन्हा चालवतो. मग ७१ चे १४२ होतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फंक्शनल पद्धतीत तेच काम दोन वाक्यांत सांगतात. बाईच्या नावाप्रमाणे ओळींचे गट कर. मग प्रत्येक गटाचे दिवस मोज आणि किलोंची बेरीज कर. झालं. मावशी: तीन दिवस, ७१ किलो. काकू: दोन दिवस, ५८ किलो. वहिनी: दोन दिवस, ३८ किलो. पहिल्या वाक्याला ग्रुप बाय म्हणतात. प्रत्येक गटावर तेच काम करायला लावणं म्हणजे मॅप. अनेक आकड्यांचा मिळून एक आकडा करणं म्हणजे रिड्यूस. तीनच शब्द आहेत, घरी जाऊन मुलांना विचारा, त्यांना ठाऊक असतील.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर आतमध्ये एकेक ओळच वाचत असेल ना? हो, वाचतो. आतला घाणा सुटत नाही. फरक एवढाच की तो कसा फिरवायचा हे मी सांगत बसत नाही. मला काय हवं ते सांगते. आणि या पद्धतीची एक अट आहे, ती महत्त्वाची: मूळ वहीला हात लावायचा नाही. फंक्शन जुनी ओळ घेतं आणि नवी गोष्ट तयार करून देतं. जुनं खोडत नाही. म्हणून तोच हिशेब दहा वेळा केला तरी दहाही वेळा ७१ च येतात. काकूंनी विचारलं, "मंगळवारी माझं काही नाही का?" तर वही उघडून दाखवता येते. आणि ताळा सोपा आहे. सात ओळींची बेरीज १६७. तीन पुडक्यांची बेरीज ७१ अधिक ५८ अधिक ३८, म्हणजे १६७. किलोला १० रुपये दर धरला तर चुकारा १,६७० रुपयांचा. गट केल्यावर एक किलोही कमी-जास्त झाला नाही.

हा विचार काही आजचा नाही. अलोन्झो चर्च या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात फंक्शनांचं गणित मांडलं, तेव्हा आजच्यासारखे कॉम्प्युटर नव्हते. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प ही भाषा त्याच वाटेवर सुरू केली. सगळ्यात मजेची गोष्ट जॉन बॅकस यांची. फोरट्रान ही भाषा त्यांनी बनवली, लूप घराघरात पोचवणाऱ्यांपैकी ते एक. १९७७ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि पुरस्काराच्या भाषणात त्यांनी जुन्या पद्धतीतून प्रोग्रामिंगची सुटका करण्याची गोष्ट केली. पुढे जावासारख्या रोजच्या वापरातल्या भाषेत हे गट पाडणं २०१४ मध्ये आलं, आणि जावास्क्रिप्टच्या प्रमाणित भाषेत तर २०२४ मध्ये.

मध्ये २००४ साली गुगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, मॅपरिड्यूस नावाचा. त्यातली गोष्ट आपल्या वहीवरूनच समजते. एक वही असेल तर एक माणूस पुरे. शंभर वह्या असतील तर? शंभर जणांना एकेक वाटा. प्रत्येकाने आपल्या वहीतल्या बाईप्रमाणे बेरजा करायच्या, शेवटी मावशीच्या बेरजा एका ठिकाणी, काकूंच्या एका ठिकाणी. कोणाची वही आधी संपली याने उत्तर बदलत नाही, कारण बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी तेवढीच येते. सगळ्यांनी मिळून एकाच पानावर खोडाखोड केली असती तर मात्र भांडणं झाली असती. गुगलने हेच हजारो मशीनवर केलं.

आता वावरातून तलाठी कार्यालयात चला. आपण अजूनही पटवारीच म्हणतो. सातबारा सगळ्यांनी पाहिला आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. तो जमिनीच्या तुकड्याचा असतो: या गट नंबरात कोण धारक, किती क्षेत्र, कोणतं पीक. पण बँक कर्ज देताना आणखी एक कागद मागते, आठ-अ. आठ-अ कशाचा असतो? खातेदाराचा. या गावात या खात्यावर कोणकोणते तुकडे आहेत आणि एकूण क्षेत्र किती. म्हणजे बघा, सातबारे म्हणजे वहीतल्या ओळी आणि आठ-अ म्हणजे बांधलेलं पुडकं. जे जावास्क्रिप्टला २०२४ मध्ये मिळालं, ते आपल्या महसूल खात्याने कॉम्प्युटर नसताना, शाईच्या दौतीने केलं.

आणि मूळ नोंदीला हात लावायचा नाही ही अटही पटवाऱ्याला ठाऊक आहे. जमीन विकली, वाटणी झाली, धारक वारला, की आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नवी नोंद होते. ती मंजूर झाली की सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो. नाव खोडून टाकत नाहीत, कंसात घालतात. पन्नास वर्षांनी कोणी विचारलं, ही जमीन याच्याकडे कुठून आली, तर फेरफार क्रमांकांचा माग काढत मागे जाता येतं. आजचा सातबारा म्हणजे सगळ्या फेरफारांची ओळीने केलेली बेरीज. आमच्याकडे नवे पोरं-पोरी कामाला लागतात तेव्हा हा विचार समजावताना मी सातबाराच दाखवते. १ मे २०१८ पासून तर डिजिटल सहीचा सातबाराही मिळायला लागला, पण त्यामागचा विचार दौतीच्या काळातलाच आहे.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता जिथे खरी अडचण आहे तिथे येते.

गट करा असं म्हटलं की कॉम्प्युटर एकच प्रश्न विचारतो: कशाप्रमाणे? ज्याच्याप्रमाणे गट पाडायचे त्याला की म्हणतात, किल्ली. वहीत आपण किल्ली धरली नाव. पण वावरात दोन मावशा असल्या तर? आपल्या कोरपना-जिवतीकडे एकेका गावात मडावी, आत्राम, सिडाम आडनावांची कितीतरी घरं असतात, आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असतं. नावाची किल्ली लावली तर दोन माणसं एका पुडक्यात जातात. आणि एकाच माणसाचं नाव एका कागदावर ऱ्हस्व, दुसऱ्यावर दीर्घ लिहिलं असेल तर एक माणूस दोन पुडक्यांत जातो. कॉम्प्युटर कुरकुर करत नाही. बेरजेचा ताळाही बरोबर येतो! १६७ चे १६७ च राहतात. फक्त एकीचे पैसे दुसरीकडे जातात.

आठ-अची किल्ली खाते क्रमांक आहे, तो बराच पक्का. पण तो एका गावापुरता. एका कास्तकाराचं वावर गडचांदुरात आणि दुसरं शेजारच्या गावात असेल तर त्याचे आठ-अ दोन निघतात. भावासोबत सामाईक जमीन असेल तर तिचं खातं आणखी वेगळं. आठ-अ त्यात चुकत नाही. त्याला गावातलं खातं दाखवायचं आहे, ते तो दाखवतो. त्याच्याकडून अख्खा माणूस मिळेल अशी अपेक्षा केली तर चूक आपली.

किल्ली बदलली की माणसांच्या आयुष्यात काय फरक पडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०१७ ची कर्जमाफी, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, दीड लाखापर्यंतची होती, आणि तिच्यात सुरुवातीला कुटुंब हा घटक धरला होता. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाख होती, आणि घटक धरला वैयक्तिक शेतकरी. आता समजा बापावर एक लाख आणि लेकावर एक लाख कर्ज आहे. कुटुंबाप्रमाणे गट पाडला तर कर्ज दोन लाख, दीड लाखाच्या मर्यादेबाहेर. व्यक्तीप्रमाणे पाडला तर मर्यादा दीडच लाख ठेवली तरी दोघंही आत. बँकेच्या वहीतल्या ओळी त्याच, रुपये तेच. बदलली ती फक्त किल्ली. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा एका शब्दाचा बदल आहे. म्हणून मी म्हणते, तो शब्द कोण ठरवतं आणि कुठे ठरवतं, याकडे तुमचं-आमचं लक्ष पाहिजे.

आपल्या शेजारच्या जिवती तालुक्याकडे पाहिलं तर दोन्ही टोकं दिसतात. महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरच्या त्या चौदा गावांची गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही राज्यांचे दावे, दोन्हीकडची रेशनकार्डं, दोन्हीकडच्या मतदार याद्या. राज्याप्रमाणे गट पाडला की एकच माणूस दोन्ही पुडक्यांत निघतो. हे एक टोक.

दुसरं टोक मला जास्त अस्वस्थ करतं. त्याच तालुक्यात वनजमीन की महसुली जमीन या वादामुळे कितीतरी कास्तकारांकडे पट्टा नाही. पिढ्यान्‌पिढ्या वावर कसतात, पण सातबाऱ्यावर नाव नाही. सातबारा नाही म्हणजे वहीत ओळ नाही. ओळ नाही म्हणजे आठ-अ नाही. मग पीककर्ज असो, विमा असो की कर्जमाफी, ज्या यादीची सुरुवात सातबाऱ्यापासून होते तिच्यात तो माणूस येतच नाही. तो चुकीच्या पुडक्यात गेला असता तर निदान शोधता आला असता. तो कोणत्याच पुडक्यात नाही.

हे नीट समजून घ्या, कारण आमच्या धंद्यातली ही सगळ्यात मोठी खोच आहे. ग्रुप बाय फक्त असलेल्या ओळींचे गट करतो. ज्याची ओळ नाही, त्याचा शून्याचा गटसुद्धा तयार होत नाही. पुन्हा वेचणीच्या वहीकडे चला. वहिनीसोबत तिची सासूही वावरात येते. आजी वाकून वाकून दिवसभर चार-पाच किलो वेचते, आणि संध्याकाळी तिचं गाठोडं सुनेच्या गाठोड्यात जातं. वहीत ओळ एकच पडते, वहिनीची. त्या १८ आणि २० किलोंत आजीचा कापूस किती, हे जगातला कुठलाही प्रोग्राम सांगू शकणार नाही. लूपने लिहा, फंक्शनने लिहा, ताळा बरोबर येईल आणि आजी मात्र हिशेबात नसेल.

याला उपाय आहे, आणि तो अवघड नाही. सुरुवात ओळींपासून करायची नाही, माणसांपासून करायची. आधी वावरात कोण कोण आलं त्यांची यादी करा. मग एकेका नावापुढे तिच्या ओळी जोडा. जिच्यापुढे एकही ओळ आली नाही, तिचं पान रिकामं दिसेल. ते रिकामं पान फार कामाचं असतं. ते पाहून कोणीतरी विचारतं, "आजींचं काहीच नाही का?" ओळींपासून सुरुवात केली असती तर हा प्रश्न कोणाला सुचलाच नसता.

आता मी समितीकडे वळते. मित्रांनो, रागावू नका. या मेळाव्यासाठी तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवरून नावं गोळा केलीत, त्यामागे दोन महिन्यांची मेहनत आहे, तिला सलाम. ती यादी मला पाहायला मिळाली. माझंच नाव तिच्यात दोनदा आहे, एकदा माहेरचं आणि एकदा सासरचं. वर्गणीचा निरोपही मला दोनदा आला. (मी एकदाच दिली आहे, खजिनदारांनी नोंद घ्यावी.) यावर आपण हसलो, ठीक आहे. पण बॅचप्रमाणे त्या यादीचे गट पाडून बघा. प्रत्येक बॅचमध्ये मुलं भरपूर दिसतील आणि मुली मोजक्या. वर्गात आम्ही इतक्या कमी होतो का? मुलींच्या बाजूचे बाक भरलेले असायचे, सरांना आठवत असेल. लग्न झालं, नाव बदललं, गाव बदललं, जुना नंबर गेला. कोणी राजुऱ्याला आहे, कोणी आसिफाबादला, कोणी आदिलाबादला. ग्रुपमध्ये नाही म्हणून यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून आज इथे नाही. दहावीच्या आधीच ज्यांची शाळा सुटली त्या मुलामुलींचं तर आपण विचारलंच नाही, कारण यादीचा रकानाच "दहावीची बॅच" असा होता. वेचणीच्या हंगामात ज्यांचे बाक रिकामे व्हायचे आणि नंतर रिकामेच राहायचे, तेही याच शाळेचे विद्यार्थी आहेत.

यावर पक्की किल्ली आपल्या शाळेकडे आहे. ऑफिसच्या कपाटात जनरल रजिस्टर आहे, ज्याला आपण दाखल-खारीज म्हणतो. शाळेत पाऊल ठेवलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक मिळाला, तोच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, म्हणजे टी.सी.वर आला. लग्नाने तो बदलत नाही, गाव सोडल्याने बदलत नाही, नापास झाल्यानेही बदलत नाही. माझी समितीला विनंती आहे की मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पुढच्या मेळाव्याची यादी त्या रजिस्टरवरून सुरू करावी. आधी सगळे क्रमांक मांडावेत, मग आपल्याजवळचे पत्ते आणि फोन त्यांच्यापुढे जोडावेत. पुष्कळ रकाने रिकामे राहतील. राहू द्या. एकेका बॅचने आपापले रिकामे रकाने वाटून घ्यावेत. शंभर वह्या शंभर जणांना वाटतात, तसे. एखादीचा भाऊ बाजारात भेटेल, एखाद्याची आई अजून त्याच घरात असेल. प्रोग्राम मी लिहून देते, त्याला एक संध्याकाळ पुरेल. पण रिकाम्या रकान्यापुढे नंबर लिहायला कोणालातरी पायी जावं लागेल, त्यासाठी आजच नावं द्या. माझ्या बॅचचे रकाने माझ्याकडे.